मास्तरांची तपासणी आणि बहुजनांचीं मुलें

मार्च सरून एप्रिल लागला कीं आम्हां मास्तर लोकांत एकच बोलणें चालतें. पोरांची परीक्षा बाजूला राहते आणि मास्तरांच्या परीक्षेची चर्चा सुरू होते. गोपनीय अहवालांत काय लिहिलें, केंद्रप्रमुखांचा शेरा कसा पडला, विस्तार अधिकारी कोणावर रागावले व कोणावर प्रसन्न झाले, वरिष्ठ श्रेणीचा कागद कोठें अडला. एस्टींत, बाजारांत, लग्नाच्या मांडवांत, जेथें दोन मास्तर भेटतील तेथें हाच विषय. वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, हा मास्तरांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्याच्याशीं आमचा काय संबंध? संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

शहरांतल्या पैसेवाल्या बापास शाळेनें फसविलें तर तो दुसऱ्या दिवशीं शिकवणी लावतो, नाहीं तर शाळा बदलतो. खेड्यांतल्या शेतकऱ्या-कामकऱ्यास तसें करतां येत नाहीं. त्याचें पोर ज्या मास्तराच्या हातीं पडलें, त्याच्यावरच सगळी भिस्त. मास्तर शिकवितो कीं नुसता पगार घेतो, हें पाहण्यासाठीं सरकारनें जो डोळा ठेविला आहे तो म्हणजे तपासणी करणारा अधिकारी. हा डोळा मिटलेला राहिला तर मास्तराचें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें आपल्या पोरांचें. म्हणून तपासणाऱ्या साहेब लोकांस या तपासणीविषयीं मनांतून काय वाटतें, हें बहुजन समाजानें जाणून घेतलें पाहिजे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ खेड्यांतल्या शाळेंत आहें. या अवधींत पुष्कळ साहेब आले आणि गेले. शेरेबुक उघडें असतांना साहेब एक बोलतात, आणि तें मिटून चहाचा कप हातीं आला म्हणजे दुसरें बोलतात. हें दुसरें बोलणेंच मीं लक्षांत ठेविलें आहे.

एका साहेबांनीं मला सरळ सांगितलें, "गुरुजी, हें काम म्हणजे रकाने भरणें. मीं कोणाला 'साधारण' लिहिलें तर कारण द्या, पुरावा द्या, तक्रार आली तर खुलासा द्या. सगळ्यांना 'चांगला' लिहिलें कीं मला कोणी विचारीत नाहीं." त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पूर्वीं वाईट शेरा तेवढा नोकरास कळवीत, बाकीचे शेरे बंद लखोट्यांत राहत. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें देव दत्त यांच्या खटल्यांत असा निकाल दिला कीं, वार्षिक अहवालांतला प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, ज्याचा त्याला कळविलाच पाहिजे. त्या खटल्यांत गंमत अशी होती कीं, देव दत्त यांस 'चांगला' हाच शेरा नडला होता. बढतीला 'फार चांगला' लागत होता आणि आपल्याला नुसता 'चांगला' पडला आहे हें त्यांना कळविलेंच नव्हतें. निकाल न्यायाचा आहे. अंधारांत लिहिलेल्या शेऱ्यानें कोणाचा गळा कापूं नये. परंतु आमच्या साहेब लोकांनीं त्यांतून धडा घेतला तो उलटा. जें लिहावयाचें तें खरें व पुराव्यानिशीं लिहावें, हा धडा न घेतां, जेणेंकरून कोणी भांडणार नाहीं असेंच लिहावें, हा धडा त्यांनीं घेतला.

दुसरे एक साहेब आंकड्यांचे भक्त होते. वर्गांत पाऊल टाकण्याची त्यांना गरज वाटत नसे. ते म्हणत, "मला टक्के दाखवा. टक्क्यांत मास्तर कळतो." तिसरे साहेब मात्र खरोखर दमलेले होते. केंद्रप्रमुखाची जागा महाराष्ट्रांत १९९४ सालीं निर्माण झाली, ती दहाएक शाळांच्या मास्तरांना हाताशीं धरून शिकविण्यांत मदत करावी म्हणून. या गृहस्थांकडे दोन केंद्रें होतीं. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वर्गांत बसावें असें मलाहि वाटतें. पण सकाळपासून मोबाईलवर चार वेळां माहिती मागितली आहे. तुम्ही कसें शिकवितां हें मला कोणी विचारीत नाहीं. माहिती दुपारीं तीनपर्यंत गेली कीं नाहीं एवढेंच विचारतात." म्हणजे आम्हांस तपासणाऱ्यालाहि वरून तपासतात, आणि तेहि कागदावरच. २०१५ पासून शाळासिद्धी म्हणून जी पद्धत आली, तिच्यांत शाळेची पारख सात क्षेत्रांत व ४६ मानकांनीं करावयाची असते. पद्धत करणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. शाळेनें आपली पारख आपण करावी हाच तिचा मुद्दा आहे. पण दोन मास्तर व चार वर्ग असलेल्या शाळेंत ४६ मानकें भरावयाला बसलें म्हणजे तेवढा वेळ वर्ग कोण घेतो, याचें मानक त्यांत नाहीं.

आतां तपासणीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत या विषयावर स्पष्ट मागण्या आहेत. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षांतून फार तर एकदां शाळेवर येतो, त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. निदान दर तीन महिन्यांनीं तपासणी व्हावी. आणि आगाऊ वर्दी न देतांहि शाळेवर जावें, असें त्यांनीं सांगितलें. गांवच्या व जिल्ह्याच्या इतर अंमलदारांवर हें काम सोंपवूं नये, कारण त्यांच्यामागें दुसरीं शंभर कामें असतात आणि त्यांची तपासणी वरवरची होते, असेंहि त्यांनीं बजाविलें. जे आमचे मास्तर बंधु 'तपासणीच नको' म्हणतात, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. तपासणीची मागणी सरकारनें आपल्यावर लादलेली नाहीं. ती शेतकऱ्याच्या पोराच्या वतीनें जोतीरावांनीं केलेली आहे.

परंतु त्याच निवेदनांत जोतीरावांनीं आणखीहि सांगितलें होतें. मास्तर होतां होईल तों शेतकरी वर्गांतून घ्यावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांना नांगराचा रुमणा धरण्याची लाज वाटणार नाहीं. ट्रेनिंग झालेल्या मास्तरास १२ रुपयांच्या खालीं पगार नसावा, मोठ्या गांवीं १५ ते २० असावा. जो मास्तर जास्त मुलें पास करील त्यास पगाराखेरीज कांहीं बक्षीस द्यावें. या मागण्यांचा क्रम पाहा. आधीं माणूस लोकांतला, मग त्याच्या पोटाची सोय, मग त्याच्यावर वारंवार नजर, आणि वर उत्तेजन म्हणून बक्षीस. आज आम्हीं त्यांतली नजर तेवढी ठेविली, आणि तीहि कागदावर.

आणखी एक कटु गोष्ट बोललीच पाहिजे. जोतीरावांच्या काळीं मास्तर व त्यांस तपासणारे बहुतेक भटजी वर्गाचे होते, आणि कुणब्या-माळ्याच्या, महारा-मांगाच्या पोरास अक्षर आलें न आलें, याची त्यांना फिकीर नव्हती. तेव्हां आपण म्हणत होतों कीं, खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे हें पालटेल. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा हुकूम काढला. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९३५ सालीं साताऱ्यास खेड्यांसाठीं मास्तर तयार करणारें ट्रेनिंग कॉलेज उघडलें. या थोर पुरुषांच्या कष्टामुळें आज मास्तरांच्या खुर्चीवर आणि साहेबांच्या खुर्चीवरहि आपल्यांतले पुष्कळ लोक बसले आहेत. याचा मला अभिमान आहे. पण खुर्चीवरचा माणूस पालटला तशी खुर्चीची रीत पालटली आहे काय? शेतकऱ्याचा मुलगा साहेब होऊन शेतकऱ्याच्या शाळेवर येतो आणि शेवटच्या रांगेंतल्या पोराकडे न पाहतां सही ठोकून जातो, तेव्हां आपण दोष कोणाला देणार?

टक्क्यांवर मास्तर मोजावा म्हणणाऱ्या साहेबांसाठीं एक जुनी हकीकत सांगतों. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं असा नियम आणला कीं, शाळेला मिळणारी सरकारी मदत मुलांच्या हजेरीवर आणि इन्स्पेक्टरानें घेतलेल्या वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर ठरावी. मूल नापास झालें कीं त्याच्यापुरती मदत कापावयाची. फळ काय झालें? मुलें वाचनाचें पुस्तक तोंडपाठ करूं लागलीं. ज्या विषयाला पैसा नाहीं तो विषय वर्गांतून गेला. मॅथ्यू आर्नल्ड हे प्रसिद्ध कवि त्या वेळीं शाळांचे इन्स्पेक्टर होते. त्यांनीं आपल्या अहवालांत या पद्धतीवर सतत टीका केली आणि तिनें शिक्षण यांत्रिक होतें असें सरकारलाच ऐकविलें. ती पद्धत मोडण्यास त्या शतकाची अखेर उजाडली. प्राथमिक शाळांचे मुख्य इन्स्पेक्टर राहिलेले एडमंड होम्स यांनीं निवृत्तीनंतर १९११ सालीं पुस्तक लिहून, ज्या पद्धतीचा आपण स्वतः अंमल केला तिनें मास्तर व मूल दोघांचेंहि वाटोळें केलें, असा कबुलीजबाब दिला. म्हणजे तपासणाऱ्यांपैकीं जे प्रामाणिक होते, त्यांनींच या मापाला नांवें ठेविलीं. जोतीरावांनीं सुचविलेलें बक्षीस आणि हा इंग्लिश नियम यांत फरक आहे. एकांत भाकरी ठेवून वर गुळाचा खडा द्यावयाचा होता. दुसऱ्यांत भाकरच काढून घ्यावयाची होती.

आपल्याकडेहि असा प्रयत्न झाला. २०१७ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्र सरकारनें १२ व २४ वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी वरिष्ठ व निवड श्रेणी शाळा 'प्रगत' ठरण्याशीं आणि शाळासिद्धीच्या 'अ' श्रेणीशीं जोडली. मास्तरांनीं ओरड केली आणि पुढें ती अट मागें घेतली गेली. ओरड रास्त होती. ज्या शाळेचीं निम्मीं मुलें दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती शाळा आणि तालुक्याच्या गांवची शाळा एका तराजूंत कशी घालावी? परंतु आम्हीं अट घालविली आणि स्वस्थ बसलों. मग मास्तराचें काम मोजावें तरी कसें, याचें उत्तर आम्हींहि दिलें नाहीं. यांत आमची चूक आहे, आणि ती किती महाग पडते तें मी माझ्याच दाखल्यानें सांगतों.

आठ-नऊ वर्षांमागची गोष्ट. माझ्या चौथींत पटावर २४ मुलें होतीं. जानेवारींत तपासणी झाली त्या दिवशीं हजर १७. साहेबांची वर्दी दोन दिवस आधीं आली होती, म्हणून चांगलें वाचणारीं तीन-चार पोरें मीं पुढें बसविलीं. साहेबांनीं त्यांतल्या तिघांना उठविलें, तीं घडाघडा वाचून गेलीं, आणि शेरेबुकांत शेरा पडला, 'वाचन समाधानकारक. शिक्षक परिश्रमी.' बाकीचीं सात मुलें कोठें आहेत, हें साहेबांनीं विचारलें नाहीं आणि मींहि सांगितलें नाहीं. त्या सातांत एक पोरगी होती. तीन वर्षें ती दसऱ्याला जाई आणि पाडव्याच्या सुमारास परत येई. गांवांत हंगामी वसतिगृह होतें, पण धाकट्या भावाला संभाळावयाला कोणी नाहीं म्हणून आईबाप तिला फडावर नेत. एप्रिलांत ती आली, मीं तिच्या नांवापुढें श्रेणी भरली, साहेबांनीं सही केली, वरच्या कचेरीनें बेरीज केली. पोरगी चौथी झाली.

मे महिन्यांत तिची आई घरीं आली. हातांत मुकादमाच्या हिशेबाचा कागद. म्हणाली, "गुरुजी, चवथी झाली ना पोरीची? मग उचल किती अन् फिटली किती, एवढं तरी तिला ह्या कागदावरचं वाचता यायला पाहिजे का नको? ही नुसती कागदाकडं बघतिया अन् रडतिया." मीं कागद वाचला. त्यांच्या अंदाजापेक्षां बाकी बरीच जास्त लिहिली होती. पण तिच्या नवऱ्यानें आदल्या दिवशींच त्यावर अंगठा दिला होता. मला कांहीं बोलतां आलें नाहीं. त्या वर्षीं माझा अहवाल उत्तम होता. ती पोरगी आज स्वतः कोयत्यावर जाते.

दोन वर्षांनंतर एक वयस्क साहेब आले. वर्दी नव्हती. त्यांनीं खुर्ची नाकारली, सतरंजीवर पोरांत बसले, हजेरीपट मागितला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "गुरुजी, आज जे आले नाहींत ते कोण, आणि त्यांना काय येतें?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या दिवशीं मला पडलेला शेरा कडक होता. पण जातांना त्यांनीं तासभर माझा वर्ग स्वतः घेतला, अडलेल्या पोराला अक्षर कसें धरून द्यावें तें दाखविलें, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हां आले. मास्तर म्हणून मी जो कांहीं सुधारलों तो त्या कडक शेऱ्यानें. गोड शेऱ्यांनीं मला कांहीं शिकविलें नाहीं.

म्हणून माझें म्हणणें असें. पहिली गोष्ट, तपासणी वर्दीवांचून व्हावी आणि वर्षांतून तीन-चार वेळां व्हावी. दुसरी, मुलें साहेबांनीं हजेरीपटावरून निवडावीं, मास्तरानें नव्हे; आणि गैरहजर मुलांची चौकशी आधीं व्हावी. तिसरी, मूल जूनमध्यें कोठें होतें व आज कोठें आहे, या अंतरावर मास्तराचें काम मोजावें. ज्याला अक्षर येत नव्हतें त्याला वाक्य वाचतां आलें, तर तें काम शहरांतल्या ९० टक्क्यांपेक्षां कमी मानूं नये. चौथी, शेरा उघड असावा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समिति नेमली आहे. तिच्यांत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असें कलम आहे. साहेबांचा शेरा त्या समितीपुढें सोप्या मराठींत वाचून दाखवावा, आणि ज्यांचीं पोरें आहेत त्या आयांना त्यावर बोलूं द्यावें. पांचवी, साहेबांची परीक्षा माहिती वेळेवर पाठविण्यावरून न होतां, त्यांच्या हाताखालच्या किती दुबळ्या शाळा वर आल्या, यावरून व्हावी. आणि त्याच कायद्याचें २७ वें कलम जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज मास्तरास शाळेबाहेरच्या कामाला लावूं नये असें सांगतें, तें पाळावें. वर्गांत उभें राहूं न देतां वर्गाचा जाब विचारणें हा अन्याय आहे.

माझ्या मास्तर बंधु-भगिनींनो, यांत तुमच्यावर कडक नजर यावी असें मी मागतों आहें, म्हणून रागावूं नका. खोट्या शेऱ्यानें आपली नोकरी राहते, पण आपल्याच भावकीचें, आपल्याच आळीचें पोर अडाणी राहतें, आणि पुढें तेंच मुकादमाच्या, सावकाराच्या, दलालाच्या कागदावर अंगठा देतें. सत्यशोधक म्हणवून घेणाऱ्यानें सत्याचा शोध आधीं आपल्या हजेरीपटांत घ्यावा. आणि साहेब लोकांनो, तुमच्यांतले बहुतेक आमच्यासारख्याच शाळेंत, सतरंजीवर बसून शिकलां आहांत. पुढच्या खेपेस शाळेवर याल तेव्हां शेरेबुक उघडण्यापूर्वीं एकदां विचारा, आज कोण आलें नाहीं?

— खेड्यांतला एक मास्तर